पिशवीच्या तळाचा दोर

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या एका कंपनीत दोरांची खोली वहिनीच्या ताब्यात होती. वहिनी म्हणजे तिथल्या ड्रायव्हरची बायको. तिचा धाकटा दीर त्याच कंपनीत दोरावर काम करायचा आणि तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मुकादमापासून मालकापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. त्यात तिच्याहून वयाने मोठी माणसंही होती, पण तिचं काही म्हणणं नव्हतं.

खोली अंधारी होती आणि ती तशीच राहावी असा वहिनीचा हट्ट होता, कारण दोराला ऊन सोसत नाही. भिंतीवर सगळ्या खुंट्या लाकडी, खिळा नावाला नाही. एका बाजूला सामान बांधायचे काथ्याचे जाड दोर टांगलेले. ते ओले राहिले की आतून कुजतात आणि वरून मात्र धडधाकट दिसतात, म्हणून पीळ उलगडून आत नाक घालायचं आणि वास घ्यायचा. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचे स्वस्त निळे दोर. ते एक उन्हाळा बाहेर पडून राहिले की हाताला कुसळं टोचायला लागतात. आणि मधल्या कपाटात पांढरे, नायलॉनचे, माणसांचे दोर. तिने त्यांचं नावच तसं ठेवलं होतं. त्यांना फक्त माणूस लटकवायचा, बादलीसुद्धा अडकवायची नाही.

माणसांचा दोर परत आला की ती तो कोमट पाण्यात धुवायची, सावलीत पसरून वाळवायची आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवायची. कुठे चपटा लागतोय का, कुठे ताठ झालाय का, आतला गर तुटून वरची साल पोकळ झालीय का. दोरावर पाय पडला तर ती खेकसायची. बुटाखालची बारीक रेती सालीतून आत शिरते आणि मग आतल्या आत कापत बसते. एकदा मालकांचा पाय पडला, तर त्यांनाही तिने आधी पाय उचलायला लावला आणि मग नमस्कार केला.

धाकट्याला सोबती पाल म्हणायचे, भिंतीला चिकटलेला असतो म्हणून. तोही कमी नव्हता. कोणी थाप मारायला लागला की दाराआडून चुकचुक करायचा. लग्न झालेलं नव्हतं, थोरल्या भावाच्याच घरी राहायचा. भाऊ त्याच्यापेक्षा बराच मोठा. आई गेली तेव्हा धाकटा अजून बोबडं बोलत होता, त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं थोरल्यानेच केलेलं. दोघांत फार बोलणं असं नव्हतं, पण गाडीत पुढची सीट धाकट्याची, हे ठरलेलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनी दाढ काढून घ्यायला गेली होती. काचांचं काम अर्धवट राहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच इमारतीवर जायचं होतं, म्हणून दोरांची पिशवी खोलीत न येता गाडीतच राहिली. त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याने गाडीची बॅटरी बदलली. जुनी बॅटरी दुकानात परत द्यायची होती, ती त्याने मागे सामानाच्या कोपऱ्यात एका पोत्यावर ठेवून दिली. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कोणीही तेच केलं असतं.

सकाळी तो धाकट्याला आणि बाकीच्या पोरांना इमारतीपाशी सोडून परत आला. वहिनी सुजलेल्या गालाला हात लावून अंगणात दोर धूत होती. त्याने मागचं दार उघडलं आणि तिला हाक मारली. बॅटरी कलंडली होती, बहुतेक कुठल्या तरी वळणावर, आदल्या रात्री घरी येताना. पत्र्यावर ओल होती. जरा पुसून घेतो, म्हणाला, एखादं फडकं दे.

वहिनीने बॅटरीखालचं पोतं उचलायला हात घातला. पोतं उचललंच नाही, भिजलेल्या कागदासारखा त्याचा तेवढाच तुकडा हातात आला. पत्र्याचा रंग फुगून आला होता. आणि त्या फुगलेल्या रंगाच्या मधोमध एक गोल, बादलीच्या बुडाएवढा, कोरा राहिलेला होता. तिथे काहीतरी ठेवलेलं होतं.

"इथे काय होतं?" तिने विचारलं.

"पिशवी. पालीची."

ओला दोर कोंडून कुजू नये म्हणून प्रत्येक पिशवीच्या बुडाला तिने स्वतः भोकं पाडून घेतली होती.

नायलॉन पुष्कळ गोष्टी सोसतो. पाणी, धक्का, घासणं, बऱ्यापैकी मीठसुद्धा. बॅटरीचं तेजाब मात्र त्याला आतून खाऊन टाकतं, आणि वर काही दिसत नाही. ना डाग, ना वास. पिशवीचं बूड ओलं आहे याचं मुकादमाला काही वाटलं नसणार, पाण्याचंच काम, पिशव्या ओल्याच असतात. आणि त्या एकाच पिशवीत दोन दोर असत. एक कामाचा, ज्यावर माणूस बसतो. दुसरा राखणीचा, पहिला तुटला तर धरायला. जोडी फुटू नये म्हणून दोन्ही एकत्र भरलेले.

तिने मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला. कठड्याजवळ फोन न्यायचा नाही असा नियम होता, त्याचा फोन गच्चीच्या जिन्यात पिशवीत असणार. तिने धाकट्याला लावला. तो तिच्या पाठीमागच्या खोलीत, खुंटीवर टांगलेल्या त्याच्याच शर्टाच्या खिशात वाजायला लागला. तिला ते माहीत होतं. तरी पूर्ण वाजेपर्यंत तिने कानाचा फोन काढला नाही.

मग तिने कपाटातून नव्या दोरांची जोडी ओढून काढली, पुढच्या सीटवर टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, चला.

वाटेत तिने त्याला सांगितलं. गाडी चालवता चालवता त्याचे ओठ हलत होते. ती रस्त्याकडे बघत मनात दोर उलगडत होती. पिशवी भरताना आधी खालचं टोक जातं, मग थरावर थर, शेवटी वर राहतं ते टोक गच्चीवर बांधतात. म्हणजे ओल लागली ती तळाच्या थरांना. म्हणजे वरचा दोर चांगला. जोवर धाकटा वरच्या दोरावर आहे तोवर त्याला काही होणार नाही. पण तो तर एकेक काच पुसत खाली येत असणार. आणि दोर म्हणजे शेवटी वातच, ओल किती वर चढते कोण सांगणार? तिला दोरांतलं जे काही कळत होतं ते सगळं आठवून झालं आणि त्यातून एवढंच निघालं, की कुठपर्यंत चांगला आणि कुठून वाईट हे तिला सांगता येणार नाही.

इमारतीच्या आधीच्या चौकात लोखंडी तुळया लादलेला एक लांबलचक ट्रक वळणात अडकला होता. मागे घेतला तर दुकानाचा फलक जाई, पुढे घेतला तर विजेचा खांब. चार लोक चार बाजूंनी हात करून सांगत होते. नवऱ्याने हॉर्नवर तळहात ठेवला तो काढलाच नाही. ट्रकवाला खाली उतरून आला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, मला काय हौस आहे का?" तेव्हा नवऱ्याने हात काढला. वहिनी नवी जोडी खांद्यावर टाकून तुळयांखालून वाकून पलीकडे गेली आणि पळायला लागली. थोड्या वेळाने गाडी तशीच रस्त्यात टाकून तोही मागून आला, त्याने दोर तिच्या खांद्यावरून घेतले आणि तिच्या पुढे निघून गेला. पोट सुटलेला माणूस, त्याला इतकं पळताना तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

धाकटा इमारतीच्या मध्यावर होता. लाकडी पाटावर बसलेला, एका बाजूला बादली, हातात रबरी पट्टी. त्याच्या खाली दोन पांढऱ्या रेघा थेट जमिनीच्या थोड्या वर येऊन लोंबत होत्या. मुकादम नीटस माणूस. दोराची टोकं चिखलात लोळू नयेत म्हणून जास्तीचा दोर तो वरच ठेवायचा. त्या दोन रेघा वाऱ्याने हलत होत्या आणि उन्हात अगदी स्वच्छ दिसत होत्या.

ओरडून उपयोग नव्हता, तेवढ्या उंचीवर आवाज पोचत नाही. वहिनीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. 'थांब' याची त्यांची खूण होती ती. धाकट्याने आधी पाहिलंच नाही. त्याने काच पुसली, दोर पकडून ठेवणारं कुलूप सैल केलं आणि एक मजला खाली घसरला. ती फुली तशीच धरून उभी राहिली. मग त्याची मान वळली, त्याने तिला ओळखलं, आनंदाने हात हलवला आणि फुली बघून थांबला. हात उलटा करून विचारलं, काय झालं? त्याला उत्तर द्यायची खूण कोणी कधी ठरवलेलीच नव्हती.

वर चढायची सोय त्याच्याकडे नव्हती. पाटावर बसणारे लोक फक्त खाली येतात. नवरा नवे दोर घेऊन गच्चीकडे गेला. दारावरच्या रखवालदाराने त्याचा चेहरा बघून काही न विचारता लिफ्टचं बटण दाबून दिलं. वहिनीला खाली उभं राहवेना. तिने बाहेरून बोटाने मजले मोजले, चुकले, पुन्हा मोजले आणि ती आत शिरली.

त्या मजल्यावर एक कार्यालय होतं. रांगेत टेबलं, टेबलांवर संगणक, आणि पलीकडे भिंतभर काच. काचेबाहेर, एका हाताच्या अंतरावर, धाकटा बसला होता. तिला तिथे बघून त्याला इतकं नवल वाटलं की तो हसायलाच लागला. त्याने बोट साबणात बुडवून काचेवर एक तोंड काढलं, त्याला तिच्यासारखा एक गाल सुजलेला काढला.

काचेजवळच्या टेबलावरच्या मुलीला वहिनीने कागद मागितला. मुलीने जाड शाईचं पेनही दिलं. वहिनीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दोर तळाशी खराब. खाली येऊ नका. नवा येतोय.' आणि कागद काचेला लावला.

त्याने वाचलं. आधी त्याने वर पाहिलं, मग खाली, मग परत कागदाकडे. हसू लगेच गेलं नाही, कोणीतरी विसरून ठेवल्यासारखं तोंडावर तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. त्याने दोन बोटं वर केली. दोन्ही? तिने होकाराने मान हलवली. मग त्याने हात फिरवला. कशाने? ती कागदाची घडी घालत राहिली, जणू तिला ते कळलंच नाही.

काच उघडता येत नाही का, असं तिने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, या काचा उघडत नाहीत. फोडता येईल? एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की फुटलीच तर तुकडे त्याच्यावर आणि दोरावर पडतील. सगळं कार्यालय उठून उभं राहिलं होतं. एकाने फोन वर धरला, त्या मुलीने त्यावर हात ठेवून तो खाली केला. कोणीतरी वहिनीसाठी खुर्ची आणली. ती बसली नाही.

धाकटा पाटावर आकसून बसला होता. हालचाल होऊ नये म्हणून त्याने पट्टी बादलीत ठेवली तीही अशी, की जणू बादलीत कोणी झोपलंय. भिजलेल्या बाह्या वाऱ्याने गार पडल्या असणार, त्याचा जबडा हलत होता. पाटाची कड मांड्यांत रुतून पाय बधिर होतात, अधूनमधून झाडावे लागतात, हे वहिनीला ठाऊक होतं. झाडा असं सांगावं, तर दोराला हिसका. नको म्हणावं, तर पाय जातात. तिने काहीच सांगितलं नाही. त्याने स्वतःच बुटातल्या बुटात बोटं हलवल्यासारखं केलं आणि तिच्याकडे पाहिलं, हे चालेल ना, असं विचारल्यासारखं. तिने मान हलवली. तिला काय माहीत होतं?

त्याने तळहात काचेवर ठेवला. तिने आतून त्यावर ठेवला. काच जाड होती, ऊब काही आली नाही.

अखेर नव्या दोराचं टोक वरून उतरलं. ते हेलकावत आलं आणि धाकट्याच्या पलीकडून, हात पोचणार नाही एवढ्या लांबून, खाली जायला लागलं. त्याने पाटावरून बाहेर झुकून बोटं लांबवली. वहिनीने काचेवर बुक्क्या मारल्या. तो थांबला. वरच्या लोकांना काही दिसत नव्हतं, ते दोर सोडतच होते. तेव्हा तिला सुचलं की नवऱ्याचा फोन त्याच्या खिशात असेल. तिने लावला आणि तो पहिल्या घंटेला उचलला गेला.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली.

दोर आणखी लांब गेला.

"तुमच्या डावीकडे नाही. भाऊजींच्या. म्हणजे तुमच्या उजवीकडे. हळू."

नवरा फक्त 'हं' म्हणत होता. प्रत्येक 'हं' आधीच्यापेक्षा बारीक होत होता. दोर वर गेला, परत आला, एकदा काचेला लागून धाकट्याच्या खांद्यावरून गेला आणि त्याने तो हनुवटीखाली धरला. मग दुसरा. त्याने राखणीचं कुलूप नव्या दोराला लावलं. मग कामाचं. बोटं इतकी आखडली होती की कडी त्याने दोनदा उलटी लावली. शेवटी त्याचं वजन नव्या दोरावर आलं, पाट जरासा खाली बसला, आणि जुने दोन दोर त्याच्या बाजूला ढिले होऊन लोंबायला लागले. कार्यालयात कोणीतरी टाळी वाजवली, एकच.

धाकटा खाली सरकायला लागला. आधी त्याचे बूट दिसेनासे झाले, मग पाट, मग डोकं. काचेवर साबणाचं सुजलेल्या गालाचं तोंड तेवढं राहिलं.

वहिनी लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत गेली. दारं उघडायची, कोणी नसायचं किंवा कोणी जेवायला निघालेलं हसत आत यायचं, दारं मिटायची. तिला सगळं नीट दिसत होतं, लोकांचे बूट, कोणाच्या हातातली छत्री, आणि बाहेर काय चाललंय ते काहीच दिसत नव्हतं.

तो खाली पोचला होता. पाटावरून उठायला गेला आणि पाय नसल्यासारखा बसकण मारून पडला, तसाच बसून होता. वहिनीने त्याच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या. त्याने तिला थांबवलं नाही, एरवी तिला पायाला हात लावू दिला नसता.

"वहिनी, कशाने खराब झाला?"

"तेजाब लागलं. बॅटरीचं."

"बॅटरी कुठून आली दोरापाशी?"

ती चोळत राहिली. तेवढ्यात थोरला आला. जिन्याने उतरला होता, अंगावरचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने प्रश्न ऐकला असावा.

"मी ठेवली," तो म्हणाला. "काल. गाडीत."

धाकटा भावाकडे बघत राहिला. वहिनीला वाटलं, आता काहीतरी फुटेल, आणि फुटलं तर बरं होईल. पण तो म्हणाला, "असू दे दादा. तुला काय माहीत." आणि बाजूला वळून ओकला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही झालेलं नाही. सगळेच तसं म्हणत होते, काही झालं नाही ना, मग झालं तर. मालकांनी जुने दोन्ही दोर अंगणात आणवले. ते दिसायला नव्यासारखे होते. वहिनीने सवयीने बोटांतून सरकवून पाहिले, बोटांनाही काही लागलं नाही. मग एक टोक झाडाला आणि एक गाडीला बांधून तुकड्यातुकड्याने ओढून बघितलं. वरचा भाग गाडीलाच मागे खेचायचा. तळाचा भाग गाडी सुरू होताच सुटला, आवाजसुद्धा झाला नाही. आणि मधला कधी टिकला, कधी तुटला.

धाकट्याला एकच जाणून घ्यायचं होतं. तो थांबला ती जागा दोरावर कुठे होती? तिच्याखाली चांगला दोर किती उरला होता, चार मजल्यांचा की चार बोटांचा? वहिनी त्या तुकड्यांपाशी बसून राहिली. सोडवताना जागेवर खूण करायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "मला नाही सांगता येत, भाऊजी." त्याने तो प्रश्न पुढेही अनेकदा विचारला, कधी जेवताना, कधी दात घासताना मध्येच थांबून, आणि तिचं उत्तर तेच राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो कामावर गेला. पट्टे चढवले, कड्या लावल्या, कठड्यावर बसला, आणि पाय बाहेर टाकताच येईना. मुकादम म्हणाला, होतं असं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा तर सोबत्यांनी नुसतं चेष्टेने चुकचुक केलं, तर तो कठडा धरून रडायला लागला. त्यानंतर त्यांनी त्याला पाल म्हणणं सोडलं. ते त्याला जास्त लागलं असावं.

त्याने एका छापखान्यात काम धरलं, तळमजल्यावर. कागद मोजायचे, गठ्ठे बांधायचे. घरी येऊन तो पहिल्यासारखाच बोलायचा, छापखान्यातल्या, अक्षरं जुळवणाऱ्या म्हाताऱ्याच्या नकला करायचा, वहिनीला हसवायचा. भावाशी तर जास्तच नीट वागायचा. त्याचा पंखा आधी लावायचा, त्याच्या चपला सरळ करून ठेवायचा. थोरला अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. गाडीत गोटी घरंगळली तरी थांबवून मागे जाऊन बघून यायचा. रात्री अंथरुणावर पाठ करून पडायचा आणि झोपलाय असं दाखवायचा.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरला वहिनीला म्हणाला, "एकदा तरी त्याने मला बोलायला हवं होतं."

"काय बोलायला हवं होतं?"

"काहीही. आईबापावरून बोलला असता तरी चाललं असतं."

आणि तो बाहेर जाऊन, घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत, चालवायच्या जागेवर दिवा न लावता बसला.

वहिनीने धाकट्याला गाठलं. ती कधी त्याच्यापाशी काही मागत नसे.

"भाऊजी, एक काम करा माझं. जाऊन त्यांना शिव्या घाला. चांगल्या सणसणीत."

"येत नाहीत वहिनी. मी मनात जुळवून बघितल्यात. दादाचं तोंड समोर आलं की येत नाहीत."

"प्रयत्न करा."

तो गेला. वहिनी खिडकीशी उभी राहिली. धाकट्याने गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसला. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात दोन डोकी दिसत होती, दोन्ही समोर बघणारी, जणू गाडी चाललीय आणि रस्ता लांबचा आहे. एकदा धाकट्याचा हात वर गेलेला दिसला. वहिनीने खिडकीची चौकट घट्ट धरली. हात परत खाली आला. शेजारची बाई कपडे काढायला बाहेर आली, तिने गाडीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि कपडे घेऊन आत गेली.

बऱ्याच वेळाने दोघं घरात आले. धाकटा थेट आपल्या खोलीत गेला. नवरा तिथेच दारात उभा राहिला, हातात गाडीची किल्ली धरून.

"बोलले?" वहिनीने विचारलं.

"हं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, दादा, मान अवघडल्यासारखी दिसतेय तुझी. तेल चोळून देऊ का."

नवरा दारातच खाली बसला, आणि ती त्याच्या शेजारी बसली. आत धाकट्याने दिवा मालवल्याचा आवाज आला.